निळं कव्हर

इंदापुरात गाडीची बॅटरी बसली की माणूस आधी जोतीराम तात्यांकडे जातो आणि मग देवाकडे, असं लोक म्हणत. निदान तात्या सांगत की लोक असं म्हणतात. जुन्या सोलापूर रस्त्याला त्यांचं दहा बाय पंधराचं दुकान होतं. पाटीवर 'म्हाळसाई बॅटरी सर्व्हिस' लिहिलेलं असलं तरी गिऱ्हाइकं त्यांना डॉक्टरच म्हणत. ते बॅटरीचं काम शिकले सोमेश्वरनगरला, ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात. हंगामात ट्रॅक्टर एक दिवसही उभा राहून चालत नसे, त्यामुळे कुठलीही बॅटरी मेली असं म्हणायची तिथे सोयच नव्हती. बॅटरी उतरते, मरत नाही, हे तात्यांनी विसाव्या वर्षी ऐकलं आणि साठाव्या वर्षापर्यंत तेच सांगितलं. उतरलेली बॅटरी चार्जर घेईनाशी झाली की तिला शेजारच्या चांगल्या बॅटरीची तार जोडायची, मध्ये एक बल्ब लावायचा आणि दहा-पंधरा मिनिटं धक्का द्यायचा. याला ते बूस्ट म्हणत. दहातल्या सात उठत. उरलेल्या तीन गिऱ्हाइकाने आधीच मारून आणलेल्या असत, असं त्यांचं निदान असे.

त्यांची मुलगी राजलक्ष्मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तीन वर्षं दुकानात बसत होती. इन्व्हर्टर जोडायला तीच जाई, फोन तीच घेई; बापलेकीशिवाय दुकानात तिसरं कुणी कामाला नव्हतं. नोकरीचे म्हणून जे फोन तिला आले ते सगळे विमा विकायचे निघाले. दुकानाच्या मागच्या खोलीत दहा महिने खपून तिने सहा पायांचा चालणारा रोबो केला होता. एका पायाला तीन अशा अठरा मोटरी, ताटाएवढं अंग आणि पोटाखाली बॅटरी. तात्या त्याला खेकडा म्हणत. बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अशा रोबोंची स्पर्धा होती. पहिल्या तिघांना पुण्याच्या कंपनीत सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळणार होतं आणि आदल्या वर्षीचे तिघंही पुढे तिथेच नोकरीला लागले होते. राजलक्ष्मीने तारीख भिंतीवर लिहून ठेवली होती. तात्यांनीही ती चार गिऱ्हाइकांना सांगून ठेवली होती.

खेकड्याची बॅटरी मात्र तात्यांच्या ओळखीतली नव्हती. तीन चपटी, चंदेरी, मऊ पाकिटं एकावर एक ठेवलेली आणि वरून निळं प्लास्टिकचं कव्हर. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा त्यांनी ती चहाच्या पुड्यासारखी दाबून पाहिली होती.

"हिला कडक डबा न्हाय व्हय गं?"

"नाही. म्हणून तर दाबू नका. तात्या, खरं सांगते, हिला हातच लावू नका तुम्ही."

"म्या? चाळीस वर्षं काय लिंबं इकली का म्या?"

"तुमची शिशाची असते. ही लिथियमची. तुमची बिघडली तर गाडी चालू होत नाही. ही बिघडली तर पेटते."

मग तिने समजावून सांगितलं होतं. पूर्ण चार्ज करायची ती फक्त चालवायच्या दिवशी, एरवी अर्धी ठेवायची. चार्जिंगला लावली की आग न लागणाऱ्या पिशवीत ठेवायची आणि आपण शेजारी बसून राहायचं. एका पाकिटाचा दाब सव्वातीन व्होल्टच्या खाली गेला की तिला लावलेला बझर ओरडतो, तो ओरडला की त्याच क्षणी थांबायचं. आणि फुगली की संपली.

"अर्धी ठिवायची?" तात्या हसले होते. "बॅटरी अर्धी ठिवली की खराब हुती, हे शेंबडं पोरगं बी सांगंल."

तिच्याकडे अशा दोन बॅटऱ्या होत्या. त्यातली एक पावसाळ्यात किंचित फुगली. राजलक्ष्मीने ती बल्ब लावून हळूहळू पूर्ण उतरवली आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडून दिली. तात्या बादलीपाशी उभे राहिले होते, कुणाला तरी जीव असतानाच मसणात पोचवायला निघावं तसे.

"जीव हुता की गं तिच्यात."

"जीव होता म्हणूनच," ती म्हणाली होती.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी राजलक्ष्मी कागदपत्रं द्यायला बारामतीला गेली. त्या दुपारी दीपक दुकानात आला. दीपक लोणी भापकरचा, दोन ट्रॅक्टरचा मालक, सासुरवाडी इंदापूरची, त्यामुळे त्याच्या बॅटऱ्या तात्यांकडेच. त्याने विचारलं, "तात्या, ते चालणारं खेकडं दावा की." तात्यांना एवढंच हवं होतं. मुलगी कशी चालू करते ते त्यांनी पाहिलेलं होतं. खेकडा फरशीवर उतरला, सहा पायांवर उठला आणि काउंटरच्या कडेने टुकटुक चालू लागला. रस्त्यावरचे चौघं आत आले. एकाने व्हिडिओ काढला. वीस मिनिटांनी बझर किंचाळायला लागला.

"रडतंय की ओ तुमचं जनावर," दीपक म्हणाला.

"पोरीनं लाडावून ठिवलंय," तात्या म्हणाले आणि त्यांनी बझरची पिन उपसून काढली. माणसं हसली. खेकडा आणखी पंधरा मिनिटं चालला. मग त्याचे पाय लटपटले आणि तो पोटावर बसला. तेवढ्यात रुग्णवाहिकेची बॅटरी घेऊन एकजण घाईने आला, तात्या तिकडे वळले. बटण चालूच राहिलं.

पाच वाजता त्यांच्या लक्षात आलं. मीटर लावला. तीन पाकिटांचे मिळून सहा व्होल्टही उरले नव्हते. तिचा चार्जर लावला तर त्याने तीनदा टीटी केलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. चार्जर घेत नव्हता.

नवीन मागवली तर कुरिअरला चार दिवस लागणार होते. मुलीला सांगायचं तर ती ओरडली नसती, ओरडण्याचा तिचा स्वभावच नव्हता. तिने फक्त बघितलं असतं, त्या बादलीत बघितलं होतं तसं. तात्यांना ते नको होतं. शिवाय समोर एक उतरलेली बॅटरी होती आणि चार्जर ती घेत नव्हता, या दुखण्यावर तर त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी बारा व्होल्टची चांगली बॅटरी ओढली, मध्ये बल्ब लावला आणि घड्याळ बघत बसले. बाराव्या मिनिटाला त्यांनी पुन्हा चार्जर लावला. चार्जरने घेतलं.

"उठली," तात्या रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाले. ही गोष्ट कुणालाच सांगता येणार नव्हती, याचंच त्यांना त्या संध्याकाळी जास्त वाईट वाटलं. राजलक्ष्मी येईपर्यंत त्यांनी बॅटरी तिला आवडते तशी अर्धी भरली, बझर परत लावला आणि पिशवीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेलेली असताना त्यांनी पिशवी उघडली. निळं कव्हर ताणलं होतं. मधलं पाकीट अंगठ्याने दाबलं की आत जाई आणि परत वर येई. पुरीसारखी टम्म नव्हती फुगली. पण फुगली होती.

औषधफवारणीच्या पंपांच्या बॅटऱ्यांना तात्या रोज नवी कव्हरं चढवत. त्यांनी जुनं निळं कव्हर ब्लेडने कापलं, कंपनीचं लेबल अलगद सोडवून घेतलं, पाकिटं दाबून चिकटपट्टीने करकचून बांधली, रोलमधलं नवं निळं कव्हर चढवून गरम हवेच्या गनने बसवलं आणि लेबल होतं तिथे चिकटवलं. काम इतकं सफाईचं झालं की बॅटरी मूळच्यापेक्षा नवी दिसायला लागली. राजलक्ष्मी अंघोळ करून आली तेव्हा तात्या चहा पीत होते.

स्पर्धेच्या दिवशी राजलक्ष्मीने बॅटरी पहाटेच चार्जिंगला लावली आणि शेजारी पाट घेऊन बसली.

"आज वेळ लागतोय तात्या. एक पाकीट मागं राहतंय."

"लाईट कमी-जास्त हाय आज."

सव्वासातची एसटी गाठायची होती. चार्जर थांबल्यावर तिने बॅटरी पिशवीत घातली.

कॉलेजच्या हॉलमध्ये मधोमध वाळू, खडी आणि लाकडी पायऱ्यांचा रस्ता केला होता. दोरीच्या अलीकडे माणसं उभी होती. त्यात दीपक होता, तात्यांची आणखी दोन गिऱ्हाइकं होती. तात्यांनी सगळ्यांना आवर्जून बोलावलं होतं. "आमच्या डॉक्टरची लेक हाय," दीपक शेजारच्याला सांगत होता, "बॅटरीत हरायचा प्रश्नच न्हाय." तात्या टोपी नीट करून उभे होते.

स्पर्धेआधी प्रत्येकाची बॅटरी तपासत होत्या सई मॅडम. तिशीच्या आतल्या, कॉलेजातच शिकवणाऱ्या. त्या प्रत्येक बॅटरीच्या तिन्ही पाकिटांचे आकडे वहीत उतरवत. राजलक्ष्मीची पाळी आली.

"दोन पाकिटं बरोबर आहेत. तिसरं बरंच खाली आहे. कधी चार्ज केली?"

"आज पहाटे, मॅडम. पूर्ण भरली होती."

"मग तीन तासांत एकच पाकीट इतकं उतरायला नको." सईने बॅटरी उलटसुलट केली आणि नखाने लेबलची कड उचलली. कड उचलली गेली. "कव्हर बदललंय का हे?"

"नाही."

"कापून बघू?"

"बघा की," राजलक्ष्मी म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, कारण तिला काही माहीत नव्हतं.

सईने कात्री लावली. कव्हर सुटलं, चिकटपट्टी सुटली आणि मधलं पाकीट सगळ्यांच्या देखत हळूहळू वर आलं, फुलक्यासारखं.

मग सई खालच्या आवाजात म्हणाली, "फुगलेली बॅटरी आणणं हा गुन्हा नाहीये गं. कपाटात सहा बॅटऱ्या ठेवल्यात आम्ही त्यासाठीच. सांगितलं असतंस तर त्यातली एक दिली असती. पण ही बांधून, वर कव्हर चढवून लपवलीय. हे कोणी केलं?"

राजलक्ष्मीने कापलेलं कव्हर उचललं. फवारणी पंपाच्या बॅटरीचं कव्हर ती स्वतः आठवड्यातून दहा वेळा कापत होती. तिने मान वर केली आणि दोरीकडे पाहिलं.

"तात्या, तुम्ही उघडली होती का बॅटरी?"

शेजारी दीपक होता. पलीकडे दोन गिऱ्हाइकं. सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या. 'व्हय' म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ 'न्हाय' म्हणायला लागतो, आणि तात्यांना तेवढाच वेळ होता.

"म्या? म्या कशाला उघडू?" ते म्हणाले. "तूच म्हणालीस न्हवं, हात लावायचा न्हाय म्हणून? न्हाय लावला."

राजलक्ष्मी त्यांच्याकडे बघत राहिली. ती पुन्हा विचारेल असं तात्यांना वाटलं आणि पुन्हा विचारलं तर सांगून टाकू, असंही वाटलं. तिने विचारलं नाही. ती सईकडे वळून म्हणाली, "माझीच बॅटरी आहे. माझ्याच ताब्यात होती."

सईने बॅटरी वाळूच्या बादलीत ठेवून बाहेरच्या मोकळ्या कट्ट्यावर नेली. पाव तासाने बादलीतून फुस्स आवाज आला, पांढरा धूर उठला आणि मग वीतभर ज्वाळा. पोरांनी मोबाइल काढले. पहाटे दीड तास ती बॅटरी राजलक्ष्मीच्या गुडघ्यापाशी होती आणि एसटीत पावणेदोन तास तिच्या मांडीवरच्या पिशवीत. तात्यांनी हा हिशोब उभ्या उभ्या केला. मग ते हॉलच्या भिंतीला टेकले.

"तात्या, ऊन लागलं का?" दीपकने विचारलं.

"व्हय," तात्या म्हणाले.

नोंदीच्या कागदावर 'सदोष बॅटरी लपवल्यामुळे बाद, पुढील दोन वर्षं प्रवेश नाही' असं लिहिलेलं होतं. राजलक्ष्मीने खाली सही केली, खेकडा खोक्यात ठेवला आणि स्टँडचा रस्ता धरला. एसटीत ती पुढच्या बाकावर एका बाईशेजारी बसली. तिच्यामागच्या बाकावरून तात्या म्हणाले, "नव्या दोन घिऊ. चांगल्यातल्या." ती म्हणाली, "सुट्टे आहेत का बघा, कंडक्टर आलाय."

तिसऱ्या दिवशी सईचा फोन आला. राजलक्ष्मीने तो काउंटरपाशी उभं राहूनच घेतला, तात्यांना ऐकू जाईल असा. फोन ठेवून ती म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, तू हे केलंस असं मला वाटत नाही. ज्यानं कव्हर बदललं त्यानं दोन ओळी लिहून सही करून दिली तर बंदी उठते. कंपनीत एक जागा रिकामी राहिलीय, माझं नाव त्या परत सुचवणार आहेत. शुक्रवारपर्यंत कागद पाहिजे."

तात्या एका बॅटरीचं टोक घासत होते. पॉलिश कागदाचा आवाज थांबला नाही.

"मी काही विचारत नाहीये," राजलक्ष्मी म्हणाली. "विचारून झालंय माझं. फक्त दोन ओळी."

त्यांनी मान हलवली. हलवली ती होकारार्थीच होती.

बुधवारी लिहिलं नाही. गुरुवारी सकाळी रावजी आला, पिठाच्या गिरणीवाला, इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन. आल्या आल्या त्याने मोबाइलच पुढे केला. "तात्या, ह्यो धूर बघितला का? आख्ख्या गिरणीत फिरतोय. खाली काय लिवलंय बघा, 'डॉक्टरच्या घरातच पेशंट दगावला'." आणि तो खो खो हसला. आतल्या खोलीत खेकड्याच्या मोटरी सोडवत बसलेल्या राजलक्ष्मीकडे वळून तो म्हणाला, "पोरी, असला बाप घरात असताना त्याला दावायची न्हाय व्हय आधी? त्यानं एका नजरंत सांगितलं असतं."

राजलक्ष्मीने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि तात्यांकडे पाहिलं. दुकानात रावजीशिवाय कुणी नव्हतं. एकच माणूस, तोही पिठाने पांढरा झालेला.

"आजकालची पोरं," तात्या म्हणाले, "इचारत्यात कुठं."

"बराबर हाय," रावजी म्हणाला. "मोबाइलवर शिकत्यात समदं."

तिने स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलला.

त्या दुपारी, रावजीचा शब्द मनात टोचत होता म्हणून असेल किंवा शुक्रवार उद्यावर आला म्हणून असेल, तात्यांनी दुकानाचं लेटरहेड काढलं. चष्मा लावला. तासभर लिहीत होते. तीन कागद फाडले. चौथा त्यांनी दोनदा वाचला, खाली सही केली, दुकानाचा शिक्का उमटवला आणि कागद आत नेऊन तिच्यापुढे ठेवला. त्यांना खरोखरच हलकं वाटत होतं.

"झालं बघ तुझं काम. लाव धाडून."

राजलक्ष्मीने वाचलं. अक्षर सुवाच्य होतं. 'सदर बॅटरीचे कव्हर आमच्या दुकानातील मदतनिसाकडून नजरचुकीने बदलले गेले. याबद्दल दिलगीर आहोत. आपला विश्वासू, जोतीराम, प्रोप्रायटर.'

तिने तो पुन्हा एकदा वाचला. मग शांतपणे विचारलं, "तात्या, आपल्या दुकानात मदतनीस कोण आहे?"

तात्या दारात उभे होते. त्यांनी एकदा दुकानाकडे पाहिलं, म्हणजे रिकाम्या काउंटरकडे आणि तिच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"नाव कुठं लिवलंय म्या?" ते म्हणाले.